उत्तर न आलेली प्रार्थना

वाट पाहणें दोन प्रकारचें असतें. एकाला पंचांग असतें, दुसऱ्याला नसतें. येथें कोल्हापुरांत नोव्हेंबरांत आणि पुन्हां जानेवारीच्या अखेरीस अंबाबाईच्या देवळांत किरणोत्सव होतो. मावळत्या सूर्याचे किरण पश्चिमेकडून आंत शिरतात आणि पहिल्या दिवशीं देवीच्या चरणांपर्यंत, पुढल्या दिवशीं त्याहून वर, असे चढत जातात. आमच्या मंगळवार पेठेंतूनही त्या संध्याकाळीं माणसें देवळाकडे लोटतात. एखादे वर्षीं ढग आडवे येतात आणि किरण वाटेंतच विझतात. माणसें हळहळतात, परंतु कोणाच्याही मनांत सूर्याविषयीं संशय येत नाहीं. उद्यां नाहीं तर पुढल्या खेपेस, हें सर्वांस ठाऊक असतें. ज्या वाट पाहण्याला तिथि आहे त्याला श्रद्धेची गरज नसते. थोडी सबुरी पुरते.

प्रार्थनेच्या उत्तराची वाट पाहणें मात्र दुसऱ्या प्रकारचें आहे. आजारी मुलासाठीं, दुरावलेल्या पतीसाठीं किंवा नुसत्या मनःशांतीसाठीं जो देवाची करुणा भाकतो, त्याच्या हातांत कोणतेंही पंचांग नसतें. उत्तर उद्यां येईल, वीस वर्षांनीं येईल, कीं यावयाचेंच नाहीं, हें त्याला सांगणारा कोणी नाहीं. ख्रिस्ती धर्मांत ही अडचण विशेष तीव्र होते. त्या धर्मांत देवाला बाप म्हणून हांक मारावयास शिकविलेलें आहे, आणि हा बाप मागणाऱ्याला विन्मुख पाठवीत नाहीं असें आश्वासन शुभवर्तमानांत दिलेलें आहे. जेथें आश्वासनच नाहीं तेथें निराशाही बेताचीच असते. बापाचें मौन मात्र फार बोंचतें.

हा प्रश्न केवळ ख्रिस्ती वाचकांचा आहे असें कोणीं समजूं नये. रॉयल गोल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ सालीं कोल्हापुरास आले. त्यानंतरच्या काळांत ह्या शहरांत मराठी ख्रिस्ती कुटुंबें रुजलीं, आणि शाळांतून, दवाखान्यांतून, शेजाराशेजारानें आपण त्यांच्यासह राहत आलों आहों. त्यांचें दुःख त्यांच्या देवाशीं बोलतें, आपलें आपल्या देवाशीं. परंतु दोन्हींचा मजकूर एकच असतो. तेव्हां प्रश्न असा मांडूं: उत्तर येत नसतां श्रद्धा धरून राहणें हा विवेक आहे कीं हट्ट? आणि तो विवेक असेल, तर कोणत्या खुणेनें ओळखावा?

ह्या प्रश्नाचीं दोन तयार उत्तरें बाजारांत मिळतात. त्यांपैकीं पहिलें संशयवाद्याचें. १८७२ सालीं फ्रान्सिस गॉल्टन ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें प्रार्थनेचा हिशेब मांडला. राजघराण्यांच्या दीर्घायुष्यासाठीं देशांतल्या चर्चांतून नित्य प्रार्थना होते. मग राजे अधिक जगतात काय? त्यानें आंकडे जमविले, तों सुखवस्तु वर्गांत राजघराण्यांचेंच आयुर्मान सर्वांत कमी भरलें. पुढें २००६ सालीं अमेरिकेंत हर्बर्ट बेन्सन व त्यांचे सहकारी ह्यांनीं हृदयावर शस्त्रक्रिया झालेल्या १८०२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना आपल्यासाठीं प्रार्थना होते आहे कीं नाहीं हें नक्की ठाऊक नव्हतें, त्यांत प्रार्थना झालेल्यांपैकीं शेंकडा ५२ जणांना आणि न झालेल्यांपैकीं शेंकडा ५१ जणांना कांहीं ना कांहीं उपद्रव झाला. आणि आपल्यासाठीं प्रार्थना होणारच अशी ज्यांना खात्री दिलेली होती, त्यांच्यांत हें प्रमाण शेंकडा ५९ निघालें!

हे आंकडे ऐकून भाविकानें रागावूं नये. प्रार्थना म्हणजे एक प्रकारचें औषध, अमुक मात्रा दिली कीं अमुक गुण यावयाचा, अशी ज्याची समजूत असेल त्याला हे आंकडे खोटा पाडतात, आणि तें योग्यच आहे. नारळ ठेवला कीं मुलगा परीक्षेंत उतरतो ह्या समजुतीची जी किंमत, तीच ह्याही समजुतीची. परंतु बापाकडे मागणें घेऊन जाणारा मुलगा आणि यंत्रांत नाणें टाकणारा गिऱ्हाईक हे एक नव्हेत. गॉल्टननें तपासलें तें यंत्र होतें. यंत्र चालत नाहीं एवढें त्यानें सिद्ध केलें.

संशयवाद्याची खरी धार दुसरीकडे आहे. अँटनी फ्लू ह्या इंग्रज तत्त्वज्ञानें १९५० सालीं एक दृष्टांत पुढें मांडला. दोन प्रवाशांना रानांत फुललेली मोकळी जागा दिसते. एक म्हणतो, येथें कोणी माळी असला पाहिजे. दोघे पहारा करितात. माळी येत नाहीं. मग पहिला म्हणतो, माळी अदृश्य आहे. कुंपण घालतात, कुत्रीं सोडतात. कांहींच हातीं लागत नाहीं. पहिल्याचा माळी अदृश्य, अस्पर्श, निःशब्द होत जातो. शेवटीं दुसरा विचारतो कीं असा माळी आणि मुळींच माळी नसणें, ह्यांत फरक तो काय उरला? हा प्रश्न प्रामाणिक आहे. ज्या श्रद्धेविरुद्ध कोणतीच गोष्ट पुरावा होऊं शकत नाहीं, ती श्रद्धा बोलते तरी काय? ह्याचें उत्तर टाळून पुढें जातां येणार नाहीं.

दुसरें तयार उत्तर धार्मिकांचें. देव प्रत्येक प्रार्थनेला उत्तर देतोच; कधीं होकार, कधीं नकार, कधीं थांब, असें ते सांगतात. ऐकावयास हें गोड लागतें. परंतु फ्लूच्या माळ्याला कुंपणाबाहेर पळवून नेणारी वाट हीच. मुलगा बरा झाला तर होकार, गेला तर नकार, अंथरुणास खिळून राहिला तर थांब. मग देव नसता तरी ह्याहून निराळें काय घडतें? आणि हेंच उत्तर थोडें पुढें सरकलें कीं निर्दय होतें. उत्तर आलें नाहीं, त्या अर्थीं मागणाऱ्याचीच श्रद्धा उणी पडली, असें मग म्हटलें जातें.

आमच्याच पेठेंत एक वृद्ध ख्रिस्ती बाई राहत असत. शिक्षिकेचें काम करून निवृत्त झालेल्या. त्यांचा एकुलता मुलगा एकोणिसाव्या वर्षीं घर सोडून गेला, तो पुन्हां कळलाच नाहीं. त्यांच्या मंडळींपैकीं कोणी म्हणत, बाईंच्या प्रार्थनेंत जोर नाहीं. आमच्यांतले कोणी म्हणत, मागल्या जन्मीचें देणें असेल. एकजण त्यांच्या श्रद्धेला बोल लावी, दुसरा त्यांच्या संचिताला. त्यांच्याजवळ घटकाभर बसावयास मात्र फारसें कोणी जात नसे. मीं एकदां भीतभीतच विचारलें कीं इतक्या वर्षांनंतरही तुम्ही देवाला काय सांगतां? त्या म्हणाल्या, “सर, आतां मी त्याला मोठं काही सांगत नाही. रात्री दाराला कडी लावताना एवढंच म्हणते, मी आता कडी लावते आहे; पोरगा आला, तर तू मला उठव.” बाई वारल्या. मुलगा आला नाहीं. होकार, नकार आणि थांब ह्यांपैकीं कोणता शिक्का ह्या गोष्टीवर मारावयाचा, हें सांगण्याचें धाडस मला होत नाहीं. परंतु त्या बोलण्यांत जी वस्तु होती तिला हट्टही म्हणवत नाहीं.

ती वस्तु कोणती, हें ओळखण्यासाठीं महाराष्ट्रांतल्याच एका थोर आयुष्याकडे वळूं. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान, तीर्थाटन करणारे पुराणिक. १८७४ च्या सुमारास दक्षिणेंतल्या दुष्काळांत हें कुटुंब सांपडलें. उपासतापास झाले, देवदर्शनें झालीं, अनुष्ठानें झालीं, दानधर्मांत होतें नव्हतें तें सरलें. पण अन्न मिळालें नाहीं. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरलीं तीं रमाबाई आणि त्यांचा भाऊ. ह्या अनुभवानें पूर्वींच्या देवांवरील त्यांचा विश्वास ढांसळला, हें त्यांनीं स्वतःच पुढें लिहून ठेविलें आहे. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. आणि त्यानंतर? तेथेंही मौन होतेंच. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त आपणांस सांपडला नव्हता, असें त्या मागें वळून पाहतांना म्हणतात. ती मनाची शांति लाभावयास बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षें लागलीं. केडगांवच्या मुक्ति सदनांत शेंकडों अनाथ स्त्रिया आणि मुली त्यांनीं वाढविल्या. परंतु त्यांचें एकुलतें अपत्य, मनोरमा, १९२१ सालीं आईच्या हयातींतच गेलें. पुढल्याच वर्षीं, ५ एप्रिल १९२२ रोजीं, रमाबाई निवर्तल्या. ख्रिस्तावरचा विश्वास मात्र त्यांनीं अखेरपर्यंत सोडला नाहीं.

येथें हिंदु वाचक एक न्याय्य शंका काढील. दुष्काळांतल्या मौनानें जर एक श्रद्धा खोटी ठरते, तर मनोरमेच्या मरणानें दुसरी कां ठरूं नये? दोन मापें कां? ह्या शंकेला, आमचा देव खरा होता आणि त्यांचा खोटा, एवढ्यानें उत्तर होत नाहीं. कारण मौन दोन्हीकडे सारखेंच आहे. मला दिसतें तें असें. दुष्काळांत जें मोडलें तें कराराचें नातें होतें. इतकीं पारायणें, इतकीं दानें, आणि त्यांचें इतकें फळ, असा तो शब्द होता. करार मोडला कीं तो सोडावा, ह्यांत अप्रामाणिकपणा कांहींच नाहीं. १९२१ सालीं त्यांच्याजवळ करार उरलाच नव्हता. जें होतें तें नातें होतें, आणि नात्याला तोट्याचा हिशेब घालून तोडतां येत नाहीं.

परंतु ही सीमारेषा हिंदु आणि ख्रिस्ती ह्यांच्यामधून जाते असें मात्र मी मानीत नाहीं. ती प्रत्येक धर्माच्या पोटांतून जाते. ख्रिस्ती लोकांतही देवाशीं करार करणारे उदंड आहेत, आणि तुकोबांसारख्यांनीं आपल्याकडेही करार कधींच फेंकून दिला होता. ह्याचा साक्षीदार रमाबाईंच्याच घरांत सांपडतो. अनंतशास्त्री उपासमारीनें खंगून मरणाच्या दारीं होते, त्यांच्या कोणत्याही अनुष्ठानाला फळ आलें नव्हतें. तरी शेवटच्या निरोपाच्या वेळीं धाकट्या मुलीला जवळ घेऊन त्यांनीं सांगितलें कीं मी तुला देवाच्या हातीं सोंपविली आहे, तूं त्याचीच हो आणि जन्मभर त्याचीच सेवा कर. रमाबाईंनीं हे शब्द जन्मभर जपले. ज्या पित्याला देवानें घांसभर अन्न दिलें नाहीं, त्यानें शेवटीं अन्न मागितलेंच नाहीं. मुलीला देऊन टाकलें. करार तेथेंही संपलेला होता.

आतां ह्या मागण्याला उत्तर आलें कीं नाहीं? मुलगी खरोखरच जन्मभर देवाची सेविका झाली. परंतु ज्या रूपानें झाली तें त्या सनातनी पित्यानें उत्तर म्हणून ओळखलें असतें काय? बहुधा नसतेंच. म्हणून उत्तर आलें कीं नाहीं हा निकाल कोण देणार, हाच मुळीं कठीण प्रश्न आहे. मागणाऱ्याची दृष्टि त्याच्या मागण्याच्या आकारानें बांधलेली असते. दुसऱ्या आकाराचें कांहीं दारांत उभें राहिलें तर तो त्याला परका समजून परत पाठवितो.

नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई ह्यांची गोष्ट ह्याहून बोलकी आहे. टिळकांनीं फेब्रुवारी १८९५ मध्यें मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि पतिपत्नींची ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंचा जीव नवरा परत यावा म्हणून तळमळे. टिळकांचा जीव पत्नी आपल्या वाटेवर यावी म्हणून. एकाच घराचीं दोन माणसें दोन टोकांकडून देवाला विनवीत होतीं, आणि एकाचें मागणें पुरें व्हावयाचें तर दुसऱ्याचें फसावयाचेंच. जो देव प्रत्येक मागणें जसेंच्या तसें पुरवील त्याला ह्या दोघांनीं कोड्यांत टाकलें असतें. पुढें काय झालें तें ‘स्मृतिचित्रें’ वाचणाऱ्या घरोघरच्या वाचकांस ठाऊक आहे. जातिभेद मनुष्यांनींच केला, देवानें नव्हे, हें लक्ष्मीबाईंना कोणाच्या वादविवादानें नव्हे, तर स्वतःच्याच विचारानें उमगलें, आणि १९०० सालीं त्यांनींही बाप्तिस्मा घेतला. वरवर पाहतां टिळकांची प्रार्थना फळली आणि त्यांची विफल झाली. खोल पाहतां दोघांच्याही मागण्यांच्या तळाशीं एकच गोष्ट होती, आपलें माणूस आपल्याजवळ असावें. आणि ती दोघांनाही मिळाली. परंतु ती मिळाली पांच वर्षें अश्रु ढाळल्यानंतर. ह्या पांच वर्षांना कोणीं देवाची युक्ति म्हणून गोड करूं नये. त्या बाईनें सोसलें तें खरेंच सोसलें.

आतां फ्लूच्या प्रश्नाकडे परत येऊं. श्रद्धेविरुद्ध कांहीं पुरावा होऊं शकतो काय? मी म्हणतों, होऊं शकतो, आणि मौन हा तसाच पुरावा आहे. तें मौन ज्याला लागत नाहीं त्याची श्रद्धा मोठी नव्हे, बधिर आहे. बायबलचा ह्या बाबतींतला प्रामाणिकपणा पुष्कळांना ठाऊक नसतो. स्तोत्रसंहितेंतल्या १५० स्तोत्रांचा मोठा भाग गाऱ्हाण्यांचा आहे. त्यांतलें ८८ वें स्तोत्र तर दिलाशाचा एकही शब्द न बोलतां अंधारांतच संपतें. ईयोबाच्या कथेंत, दुःखाचें कारण शहाणपणानें समजावून सांगणाऱ्या मित्रांवर देव शेवटीं रागावतो. आणि देवाशीं भांडणाऱ्या ईयोबानेंच यथार्थ भाषण केलें असा निवाडा देतो. पौलानें आपल्या देहांतलें एक शल्य निघावें म्हणून तीनदां विनविलें. शल्य निघालें नाहीं, सोसण्याचें बळ मात्र मिळालें. आणि गेथशेमाने बागेंत खुद्द ख्रिस्तानेंच जें टळावें म्हणून मागितलें, तें टळलें नाहीं. ज्या धर्माच्या केंद्रस्थानींच एक न पुरविलेलें मागणें आहे, त्याच्या अनुयायांनीं उत्तर न आलेल्या माणसाला श्रद्धाहीन म्हणावें, ही गोष्ट त्यांच्या स्वतःच्या ग्रंथाला सोडून आहे.

मग विवेक आणि हट्ट ह्यांतला भेद कोठें पडतो? माझ्या मतें तो भेद वाट पाहणाऱ्याच्या वागण्यांत पडतो. हट्टी मनुष्य देवापुढें खोटें बोलतो; दुखत असतां दुखत नाहीं म्हणतो, आणि हात जोडून बसला म्हणजे आपलें काम संपलें असें समजतो. विवेकी मनुष्य गाऱ्हाणें स्पष्ट सांगतो आणि मधल्या काळांत समोरचें काम सोडीत नाहीं. रमाबाईंनीं मध्य प्रांतांतल्या १८९६–९७ च्या दुष्काळांत जाऊन सुमारें तीनशें मुली व स्त्रिया वांचवून आणल्या. स्वतःच्या आईबापांना जें मिळालें नव्हतें तें त्यांनीं दुसऱ्यांच्या लेंकींना दिलें. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनीं संबंध बायबलाचें मराठी भाषांतर हातीं घेतलें, तें मरणापर्यंत चालविलें. ग्रंथरूपानें तें बाहेर आलें त्यांच्या पश्चात्, १९२४ सालीं. मुलगी गेल्यानंतरचे आईचे महिनेही त्याच मुद्रितांवर गेले. देवानें उत्तर दिलें कीं नाहीं हें बाहेरच्यास कळत नाहीं. परंतु अशी वाट पाहणारें माणूस मौनांत कुजलें नाहीं, एवढें बाहेरच्यासही दिसतें. उलट, ज्याचें वाट पाहणें त्याला दिवसेंदिवस अधिक खोटें, अधिक आळशी आणि दुसऱ्याच्या दुःखाविषयीं अधिक कठोर करीत असेल, त्यानें आपली श्रद्धा पुन्हां तपासून पाहावी. फ्लूनें मागितलेला पुरावा मला ह्या ठिकाणीं सांपडतो.

आणि एखाद्याची श्रद्धा ह्या तपासणींत मोडली तर? तर त्याला नांवें ठेवूं नयेत. रमाबाईंची पहिली श्रद्धा मोडली तेव्हां त्या खोट्या झाल्या नाहींत. त्या प्रामाणिक होत्या म्हणूनच ती मोडली. बापानें दिलेलें उत्तर ऐकूं येईना म्हणून कोणी उठून गेला, तर त्याच्या मागून दगड फेंकणें हें बापाच्या घरांतल्या भावंडांना शोभत नाहीं.

शेवटीं एक गोष्ट मराठी मनाला विशेष जवळची म्हणून सांगतों. टिळक म्हणत कीं आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों. त्या पुलाचें एक टोक पंढरीस आहे, आणि पंढरीच्या कथेंत वाट पाहणारा भक्त नसून देव आहे. पुंडलीक आईबापांच्या सेवेंत गुंतलेला. दारांत देव आला. भक्तानें वीट पुढें सरकविली, आणि देव अजून त्या विटेवर उभा आहे. ख्रिस्तानें सांगितलेल्या उधळ्या मुलाच्या दृष्टांतांतही बाप वाटेकडे डोळे लावून बसलेला आहे, कारण मुलगा दूर असतांनाच तो त्याला ओळखतो. ह्यावरून कांहीं सिद्ध होतें असें मी म्हणत नाहीं. परंतु ज्याला हें खरें वाटतें त्याच्यापुरता मौनाचा अर्थ पालटतो. आपण एकटेच वाट पाहत आहों असें त्याला राहत नाहीं. दाराच्या दोन्ही बाजूंस कोणीतरी जागें आहे, एवढ्यावर तो रात्र काढूं शकतो.

बाहेरच्यांनीं काय करावें हें मात्र निश्चित सांगतां येतें. ज्याच्या प्रार्थनेला उत्तर आलें नाहीं त्याला देवाच्या वतीनें उत्तर देण्याचा मुखत्यारपणा आपणांस कोणीं दिलेला नाहीं. त्याला कारणें सांगूं नयेत, त्याची श्रद्धा मापूं नये, त्याच्या संचिताचा हिशेब काढूं नये. त्याच्याजवळ जाऊन बसावें, त्याचें काम थोडें हलकें करावें, आणि तो बोलेल तर ऐकून घ्यावें.